सांजकाठचे कंद

यावर तुमचा विश्वास बसणार नाही, आणि बसू देऊही नका. माझ्यावर विश्वास ठेवून आजवर कुणाचं भलं झालेलं नाही. पण आपल्या बागप्रेमी मंडळातल्या चष्मेवाल्याकडे 'सांजकाठ' नावाचा डेलिया होता. फूल काळसर जांभळं, पाकळीपाकळीला बारीक पांढरी कड. कुठल्याही रोपवाटिकेत विचारा, लोक नुसते तोंडाकडे बघत.

बहर सरला तसे त्याने कंद खणले, कोरड्या वाळूत घातले आणि टोपली स्वयंपाकघरात ठेवली. बायकोने रताळी समजून उकडली.

"मीठ कमी आहे जरा," चष्मेवाला खाता खाता म्हणाला. "कुठून आणलीस?"

"आणतेय कुठून? तुम्हीच ठेवलेली ना टोपलीत."

चष्मेवाला ताट तसंच टाकून उठला.

आता, मंडळाचा नियम असा, की दुर्मिळ झाडाचा एक कंद दुसऱ्या घरी सांभाळायला द्यायचा आणि तो पुढे कुठे गेला ते सामायिक नोंदवहीत लिहायचं. चष्मेवाल्याने पोस्टमास्तरीणबाईंना कंद दिला होता. नोंदवही मात्र कधी उघडली नव्हती. तो धावला त्यांच्याकडे.

"माझ्या गॅलरीत ऊन कुठंय? दातांच्या डॉक्टरांना दिला मी. नोंदवही वाचत नाही का हो तुम्ही?"

डॉक्टर कुणाच्या तरी जबड्यात वाकले होते. "घर बदललं तेव्हा पुढे दिला. तुमच्या सासूबाईंना."

आ वासलेला पेशंटसुद्धा हसला. कारण सासूबाईंचं नि याचं बोलणं बंद होतं. याने करून दिलेल्या चष्म्यातून त्यांना जावई दोन दिसायचे, आणि त्यांना एकच जड जात होता.

सासूबाईंनी दार उघडलं. "खाल्लात ना? आला होता लेकीचा फोन. या वर."

आणि काय सांगू. गच्चीभर सांजकाठ! जणू संध्याकाळ तिथे मुक्कामालाच उतरलेली. खाली चौकातला पोलीस शिट्टी तोंडात धरून वर बघत राहिला, गाड्या थांबल्या, कावळे गप्प...

"काहीतरीच काय, काका," मंडळाच्या बैठकीत मागच्या खुर्चीवरून चष्मेवाल्याची बायको माझं बोलणं तोडत म्हणाली. "बहर सरला म्हणून तर आमचे कंद टोपलीत, मग आईकडे फुलं कुठली? नुसत्या मातीने भरलेल्या कुंड्या होत्या ओळीने, कंद आत झोपलेले. प्रत्येकीवर आईच्या अक्षरात चिठ्ठी, 'सांजकाठ, जावईबापूंचा'. त्या मातीपुढेच हे हात जोडून उभे होते."