बन्सीचा ब्रेक आणि पहिला आखाड

"गाडीचा ब्रेक बसवायला मेस्त्री कशाला लागतो? मी काय कंपनीत भजे तळतो का?" असं गारखेड्यातल्या बन्सीनं भर अंगणात जाहीर केलं, तेव्हाच त्याला कुणीतरी आवरायला पाहिजे होतं. पण आवरणार कोण? आवरणारी माहेरी होती!

त्याचं असं झालं, मंडळी. लग्नानंतरचा पहिला आखाड नव्या सुनेनं माहेरी काढायचा आणि नवऱ्यानं महिनाभर तिचं तोंड बघायचं नाही, ही बन्सीच्या घरची रीत. द्वारका देवगाव रंगारीला गेली आणि इकडं बन्सीला अन्न गोड लागेना. फोन केला की सासूच उचलायची, पाऊसपाण्याचं सांगायची आणि ठेवून द्यायची. द्वारकेची टिकली आरशाला चिकटलेली होती. बन्सी दाढी करताना तिच्याकडंच बघत बसायचा, म्हणून गालावर रोज नवा काप! लई आठवण यायची हो बिचाऱ्याला.

शेवटी आखाड सरला. सासऱ्याचा, म्हणजे कारभारींचा, सकाळीच फोन आला. "पावणं, आज या आन् रीतीनं घेऊन जा. आज नाय जमलं तर मंग पंचमी झाल्यावरच!"

मागून द्वारकेचा आवाज आला, "आन् म्हणावं, म्होरचा ब्रेक नीट करून या! गाडी थांबती कमी, वरडती जास्त. घाटात जीव जातो माझा."

महिन्यानं ऐकलेला तो आवाज! बन्सी तसाच क्रांती चौकात पळाला. ब्रेकची नवी नळी घेतली, ती जोडायचा पोकळ बोल्ट घेतला, नळीचं तेल गळू नये म्हणून तांब्याच्या दोन वायसरी, म्हणजे अंगठीएवढ्या गोल चकत्या, घेतल्या. दुकानदारानं बजावलं, "भाई, नली के दोनों बाजू एक-एक वायसर डालना. और बोल्ट अंदर से पोला है, ताकत मत दिखाना!"

"हाव हाव," बन्सी म्हणाला. पण त्याचं ध्यान होतं वेरूळच्या घाटात, मागं बसलेल्या द्वारकेकडं.

अंगणात पसारा मांडून नळी जोडायला घेतली, तर वायसर एकच! खाटेखाली बघितलं, चपला झटकल्या, शेजारच्या कोंबडीवरसुद्धा संशय घेतला.

"आये, इथली वायसर बघितली का?"

"ती काय असती?" दगडाबाईनं घरातून विचारलं.

"जाऊ दे, तुला नाय समजायचं!"

तिथंच समजावून सांगितलं असतं तर पुढचं रामायण टळलं असतं. पण नाही! "एका वायसरनं काय अडतंय? घट आवळलं म्हंजी झालं," म्हणून पठ्ठ्यानं बोल्ट आवळला. ब्रेक दाबला, तर थेंब गळाला. आणखी आवळला. पुन्हा थेंब! "माझ्याशी खुन्नस व्हय रं?" असं बोल्टला विचारून त्यानं पान्याला नळाचा पाइप अडकवला आणि सगळं अंग टाकून लटकला.

कट्ट! बोल्टचं डोकं पान्यात, धड गाडीत आणि बन्सी तुळशीत!

अडकलेला तुकडा उकरता उकरता दुपार कलली. अंगणभर तेल झालं. पंचमीपर्यंत बायको नाही, या विचारानं बन्सीला रडूच कोसळायचं बाकी होतं. तेवढ्यात दारात रिक्षा थांबली आणि पिशवी घेऊन उतरली कोण? द्वारका!

"सकाळपासून दारात हुबी हुते मी! येणारी-जाणारी विचारती, आला का गं नवरा? मंग काय, शेताकडं जाते म्हणाले आन् एष्टी धरली."

"म्हंजी तू पळून आली?"

"माझ्याच नवऱ्याकडं आले, त्यात काय झालं!"

बन्सीचे डोळे भरून आले. तिला जवळ घ्यावं असं फार वाटलं, पण हात कोपरापर्यंत तेलात! तो नुसताच हात वर करून उभा राहिला.

"आन् हे काय?" द्वारकेनं हँडलकडं बोट केलं. लिंबू-मिरचीच्या शेजारी काळ्या दोऱ्यात ओवलेली तांब्याची वायसर लटकत होती!

"अंगठी हाय तांब्याची," दगडाबाई कौतुकानं म्हणाली. "तुळशीपाशी घावली. म्हटलं, देवानंच धाडली. माझी सून बसायची गाडीवर, नजर नगं लागाया."

बन्सी तोंड उघडणार, एवढ्यात फोन वाजला. कारभारी गरजत होते. "ओटी न भरता पोरगी पळाली! गाव हसतंय मला. आत्ताच्या आत्ता परत आणा. आता पंचमीबिगर पाठवणी नाय!"

शेवटी कोपऱ्यावरचा मेस्त्रीच आला. त्यानं तुकडा काढला, नवा बोल्ट घातला, नळीच्या दोन्ही अंगाला नव्या वायसरी घातल्या. बोटांनी बसवून पान्यानं बेतानं आवळलं. नळीतली हवा काढली. एक थेंब गळाला नाही!

संध्याकाळी बन्सी आपल्याच बायकोला माहेरी सोडायला निघाला. घाटात त्यानं गाडी अशी हळू घेतली की सायकलवाले पुढं गेले.

"आता भ्या नाय वाटत," द्वारका मागून म्हणाली.

"मंग खांदा कशाला गच्च धरलाय?"

"असाच."

बन्सीनं गाडी आणखी हळू केली. देवगाव आलं. कारभारी दारातच उभे होते. बन्सी मनात म्हणाला, आज लागू नको रं बाबा, जाऊ दे गाडी सरळ म्होरं! आणि ब्रेक असा लागला, की गाडी बरोबर सासऱ्याच्या पायांपुढं थांबली.

"वा पावणं, ब्रेक झ्याक केला की!" कारभारी म्हणाले आणि लेकीला घेऊन आत गेले.