दोनशे मिली, म्हाराजा!

उमाताईंनी मापाचा मग खिडकीतल्या उजेडाशी धरला आणि निकाल जाहीर केला, "दोनशे! कालच्यापेक्षा तीस जास्त."

"आणखी मोठ्याने सांग. जयगडच्या बंदरात अजून कळलं नसेल," न्हाणीघरातून आप्पा म्हणाले.

प्रोस्टेटच्या शस्त्रक्रियेला तीन आठवडे झाले होते, नळी निघून दोन. सुटका झालेली लघवी मात्र एखाद्या मनस्वी कवीसारखी वागत होती. वेळ पाळायची नाही, कधी अर्ध्या ओळीवर अडायचं, कधी नुसत्या शिंकेनेही स्फुरायचं. "काही आठवडे हे चालायचंच," डॉक्टर म्हणाले होते, "किती प्यालात, किती झाली, वहीत लिहीत जा." निवृत्त मुख्याध्यापक असलेल्या आप्पांनी या वहीलाही, घरातल्या प्रत्येक वहीप्रमाणे, खाकी कव्हर घातलं.

चिंता आजची होती. देवदिवाळीची जत्रा. गावाच्या वतीने देवापुढे गाऱ्हाणं घालण्याचा मान चाळीस वर्षं आप्पांचा. सुरू केलेलं गाऱ्हाणं अर्ध्यावर सोडलं, की तो मान कायमचा दुसऱ्याकडे. दुसरा, म्हणजे भागोजी, सकाळीच पायरीवर येऊन बसला होता.

"आप्पानू, यंदा मी घालतो गाऱ्हाणं. तुमी आपले बसून ऱ्हावा."

"माझी जीभ शाबूत आहे, भागोजी."

"जिभेची नाय वो काळजी!"

आप्पांनी धोतराचा काष्टा आवळला आणि टेबलावरची वही काखेत मारली. मुंबईकर चाकरमान्यांची नावं त्यांनी वहीत उतरवली होती. ती देवाच्या कानावर घालायची.

"निघण्याआधी एकदा जाऊन या," उमाताई म्हणाल्या.

"आत्ताच तर गेलो होतो."

"म्हणूनच!"

देवळापर्यंतच्या वाटेवर तीन घरं लागली. आजारातून उठलेल्या माणसाला कोरडं कसं जाऊ द्यायचं? दोन शहाळी आणि कोकमचं सरबत पोटात घेऊन आप्पा गाभाऱ्यासमोर उभे राहिले.

"बा देवा म्हाराजा! आज ही तुझी लेकरं तुझ्या पायाशी गोळा झालीत..."

"व्हय म्हाराजा!" सभामंडप गरजला.

बाराव्या मिनिटाला शहाळ्यांनी पहिला निरोप धाडला. पंधराव्याला सरबतानेही. आप्पांनी घाईने वही उघडली. आवाज नजरेच्या पुढे धावला.

"पहाटे चार वाजता, शंभर मिली..."

"व्हय म्हाराजा!"

"सात वाजता, दोनशे मिली. शिंकेबरोबर थोडी गळती..."

"व्हय म्हाराजा!"

बायकांच्या रांगेत उमाताईंनी पदर तोंडात कोंबला, तेव्हा आप्पांना उमगलं. खाकी कव्हरांनी घात केला होता. क्षणभर देऊळ आणि देव दोन्ही दूर सरकले. मग त्यांनी वही शांतपणे मिटली. ओळ चुकली तर ती पुन्हा ठामपणे म्हणावी. म्हणजे तिचं ध्रुवपद होतं.

"तर बा देवा म्हाराजा! या गावातली जी कोण लेकरं रात्रीची चार-चार वेळा उठतात, अंधारात ताटकळत उभी राहतात, आणि लाजेने कुणाला बोलत नाहीत, त्यांचा मार्ग मोकळा कर!"

 मग खांबांना टेकून बसलेल्या म्हाताऱ्यांच्या रांगेतून असा हुंकार उठला, की पिंपळावरचे कावळे उडाले.

"व्हय म्हाराजा!"

"मुंबईकरांनाही सुखी ठेव!" आप्पांनी तासाभराचं गाऱ्हाणं विसाव्या मिनिटाला पूर्ण केलं आणि देवळामागच्या संडासाकडे ते चालत गेले. धावले नाहीत.

दार आतून बंद होतं.

"कोण आहे?"

"मी, भागोजी," आतून खोल आवाज आला. "जरा थांबा वो आप्पानू. सुरू व्हायची हाय अजून."

"कधीपासून उभा आहेस?"

"तुमी 'मार्ग मोकळा' म्हनालात, तवापासून."

आप्पांनी पाय जुळवले, श्वास रोखला, डॉक्टरांनी शिकवलेला व्यायाम आठवून आतले स्नायू आवळले. थेंबही हलला नाही. वहीत लिहिण्याजोगी ही पहिलीच गोष्ट होती.

"आप्पानू," आतून पुन्हा आवाज आला, "फुडल्या वर्साला पन तुमीच घाला गाऱ्हाणं. आनि... त्या डॉक्टरचा नंबर द्या."

"देतो. पण आधी तू बाहेर ये!" आप्पांनी बंद दाराकडे पाहून हात जोडले आणि घोगऱ्या आवाजात सुरुवात केली, "बा देवा म्हाराजा, या भागोजीला लवकर मोकळा कर..."

आतून क्षीण पण श्रद्धेचा हुंकार आला, "व्हय म्हाराजा."