ज्ञानूकाकांचा एसएमपीएस

आमच्या शेजारचे ज्ञानूकाका कुठलीही वस्तू आधी तळहातावर घेतात, डोळे मिटतात, जरा वरखाली झेलतात आणि मगच तिच्याबद्दल बोलतात. सगळी नोकरी साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर गेली, त्याचा हा परिणाम. वांगी असोत की लग्नपत्रिका, निवाडा एकच: "वजन हाय, म्हंजे माल हाय." माझ्या मुलीच्या बारशाला त्यांनी तिलाही तसंच जोखलं आणि माझ्या सासऱ्यांना मोठ्यांदा सांगितलं, "माल चोख हाय, पावणं!" सासरे अजून त्यांच्याशी बोलत नाहीत.

मध्यंतरी काकांचा जुना कॉम्प्युटर 'फट्' करून बंद पडला. मला बोलावणं आलं. मी एकदा गल्लीतल्या कुणाच्या तरी कीबोर्डमधून झुरळ काढलं होतं, तेव्हापासून मी कॉम्प्युटरवाला. मी जळका वास घेतला आणि सांगितलं, "एसएमपीएस गेला. आत वीज पुरवणारा डबा असतो तो. पण काका, एवढं जुनं धूड कशाला दुरुस्त करताय?"

"ह्योच चालू करायचा. आन् आजच."

जळका डबा टॉवेलात गुंडाळून आम्ही राजारामपुरीतल्या दुकानात गेलो. काकांनी टॉवेल उघडला. "पावणं, ह्याचा भाऊ दावा. सस्तातला, पर खरा."

दुकानदाराने एक चकचकीत खोका पुढे केला. काकांनी डबा बाहेर काढून तळहातावर घेतला, डोळे मिटले आणि लगेच उघडले. "ह्यात पत्र्याबिगर काय हाय?"

"काका, पाचशे वॅट लिहिलंय की वर!" दुकानदार म्हणाला.

"लिव्हायला काय जातंय? माझ्या बनियनवर पैलवान लिव्हलं तर मी मैदान मारनार हाय व्हय?"

दुकानदार हसला आणि आतून दुसरा घेऊन आला. आकडा कमी, गॅरंटी जास्त, रंग अगदीच मळखाऊ. तो हातावर ठेवल्याबरोबर काकांचा हात खाली गेला आणि चेहरा खुलला. तरी दुकानातच वायर जोडून डब्यातला पंखा फिरवून दाखवायला लावला, तेव्हाच पाकीट बाहेर आलं.

घरी आल्यावर स्क्रू ड्रायव्हर काकांच्या हातात. "तू फकस्त बॅटरी धर."

कॉटवर बसून काकू बघत होत्या. अर्धांगवायूच्या झटक्यापासून त्यांचा उजवा हात चालत नाही आणि बोललेलं कुणाला समजत नाही.

जुना डबा जिथे होता तिथे नवा बसला, वायरी जोडल्या, बटण दाबलं. पंखा फिरला. पडदा मात्र काळाच.

"उद्या मेकॅनिकला बोलवू," मी म्हणालो.

"काटा अडकला म्हनून उसाच्या गाड्या माघारी धाडत न्हाईत. परत सगळं उसकट!"

वीज बंद करून सगळं परत उसकटलं. काका जमिनीवर पालथे पडून आत डोकावले. डब्यामागे एक चौकोनी तोंडाची छोटी वायर दडून बसली होती.

"ही बया कोन?"

ती प्रोसेसरची वायर होती, जोडायची राहून गेलेली. काकांनी ती खटकन बसवली. बटण दाबलं आणि पडदा उजळला.

मला वाटलं, आता काका एखादा जुना पिक्चर लावणार. त्यांनी कीबोर्ड उचलला आणि अलगद काकूंच्या मांडीवर ठेवला.

"मोबाइलवरची अक्षरं बारीक. तिच्या बोटाला घावत न्हाईत," ते मला म्हणाले. "हितं घावत्यात. ह्यो बंद पडल्यापासनं एक शबूद न्हाय घरात."

काकू डाव्या हाताच्या एका बोटाने एकेक अक्षर दाबू लागल्या. काका पडद्याला नाक लावून उभे. हळूहळू ओळ उमटली:

'शर्टाच्या गुंड्या वरखाली लावल्यात. सकाळपासून तसेच फिरताय.'

मी बघितलं. खरंच, कॉलरची एक बाजू कानाला लागली होती. दिवसभर मी त्यांच्याबरोबर होतो, भरलेल्या दुकानात आम्ही तासभर वाद घातला होता. कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं.

काकांनी गुंड्यांना हातही लावला नाही. स्टूल ओढून ते काकूंच्या जवळ बसले.

"आनि?" ते म्हणाले. "फुडं लिव की."