कपातला चमचा

आमच्या चंद्रकलाकाकूंच्या घरी चहात चमचा फिरवणाऱ्याला सरळ उठवून लावतात. माझ्या सख्ख्या मेहुण्याला लावलंय, खोटं नाही सांगत. बिचारा गोंदियाहून आला होता. सवयीनं चमचा उचलला, तर काकू ओरडल्या, "हात काढ! कायले घुसळून राहिला? ताक हाय का ते?"

काकू म्हणजे भंडाऱ्याजवळच्या लाखनीतल्या आमच्या शेजारीण. हायवेला माझं टायरचं दुकान, आणि त्यामागे आमची दोघांची घरं. काका जाऊन बरीच वर्षं झाली. मुलगा राहुल जर्मनीत, सूनही तिकडचीच. सून बाळंतपणाला माहेरी गेली तेव्हा काकूही तिकडे गेल्या आणि उत्तरेकडच्या समुद्रकाठच्या गावात विहीणबाईंकडे अख्खा हिवाळा राहून आल्या. विहीणबाईंचं नाव आन्त्ये. काकूंनी पहिल्याच दिवशी त्यांची अंतूबाई करून टाकली. यांना जर्मन येत नाही, त्यांना मराठी. दोघी चुलीशी उभ्या राहून नुसतं रांधत होत्या म्हणे.

परत आल्यापासून काकू सकाळ असो की संध्याकाळ, भेटेल त्याला "मोईन!" म्हणतात. तिकडे रामराम असा घालतात. आता दूधवाला म्हणतो, भंगारवाला म्हणतो. काकू एका मयतीला गेल्या, तिथंही बोलून गेल्या, आणि चार माणसांनी गंभीर चेहऱ्यानं "मोईन" म्हणून हात जोडले.

इथवर ठीक होतं हो. पण दिवाळीनंतर अंतूबाई लाखनीला येणार असं ठरलं आणि माझ्यावर संक्रांत आली. अंतूबाईंना तिखट चालत नाही. "माह्या घरून विहीण उपाशी गेली तं मी तोंड कोनाले दाखवू?" काकूंनी ध्यासच घेतला. तालीम त्यांची, खायला मी.

पहिला पदार्थ लाब्सकाउस. खलाशांचं खाणं. खारवलेलं मांस, बटाटा आणि बीट एकत्र कुटायचं, वर तळलेलं अंडं, शेजारी आंबट पाण्यात मुरवलेला मासा. काकूंनी बोकडाचं मटण मिठात मुरवलं आणि गोसीखुर्द धरणातला रोहू मासा सिरक्यात बुडवला. ताटात पाहतो तर गुलाबी लगदा! मी म्हटलं, "काकू, भात?" भंडाऱ्याच्या माणसाला भाताशिवाय जेवण म्हणजे चेष्टाच की. काकू म्हणाल्या, "तिकडं समुद्रात धान लावते का कोनी? खा गुमान."

मग पालेभाजी. तिकडची भाजी इथं कुठून मिळणार? म्हणून आमच्याकडच्या लाखोळीच्या डाळीचा कोवळा पाला चरबीत घालून दुपारभर शिजवला. पाला केव्हाच मेला होता, तरी काकू त्याला सोडेनात.

आणि तो चहा! कपात खडीसाखर, त्यावर कडक कोरा चहा. साखर तडकल्याचा आवाज आलाच पाहिजे. मग कडेनं साय सोडायची आणि ढवळायचं नाही. आधी साय, मग कडू, शेवटी गोड. कप संपला की न विचारता पुन्हा ओततात. पुरे झालं असेल तर चमचा कपात उभा करायचा. एवढं सगळं शिकवलं, पण हे शेवटचं काकू सांगायलाच विसरल्या. मी आपला "नको नको, बस झालं" म्हणत राहिलो. आपल्याकडे नको म्हणजे अजून वाढा, आणि तिकडे तोंडाच्या नकोला किंमतच नाही. दोन्ही देशांनी मिळून मला चहात बुडवलं. त्या दिवशी दुकानात मला टायर उचलायला वाकता येईना.

एकदा वैतागून विचारलं, "काकू, त्या बाईसाठी एवढा जीव काहून टाकता?"

काकू बीट सोलत होत्या. म्हणाल्या, "पोरगा फोनवर विचारते, आई कशी आहेस. मी म्हनतो, बरी आहो. त्याले पटते. अंतूबाईले माही भाषा समजत नाही ना, मंग ते तोंडाकडं पाह्यते. तिच्यापाशी खोटं चालतच नाही."

मी गुमान लाब्सकाउस खाल्लं.

राहुल अंतूबाईंना घेऊन आला. बाई गाडीतून उतरल्या आणि समोरून भंगारवाला म्हणाला, "मोईन!" त्या रस्त्यातच थबकल्या. मग अशा हसल्या की कुत्री भुंकायला लागली. घरात गुलाबी लगद्याचं ताट समोर आलं. त्यांनी ते चाटूनपुसून संपवलं, काकूंच्या गालाला हात लावला, आणि काकूंच्याच ताटातला भात आणि वांग्याची भाजी ओढून घेतली.

"तिखट हाय वो बाई!" काकू किंचाळल्या. अंतूबाई नाक पुसत जेवतच राहिल्या. काकूंची इज्जत वाचली.

निघायच्या आदल्या संध्याकाळी मलाही चहाला बोलावलं. मी शहाणा झालो होतो, पहिल्याच कपाला चमचा उभा केला. अंतूबाईंचा कप संपला, चमचा बशीतच. काकूंनी ओतला. काकूंचा संपला, अंतूबाईंनी ओतला. किटली रिकामी झाली, तशा काकू उठल्या आणि पुन्हा आधण ठेवलं. सकाळी अंतूबाईंची गाडी होती. लेक-जावई दुसऱ्या शहरात, बाई त्या समुद्रकाठी एकट्या. इकडे काकू. दोघींचेही चमचे बशीत, आणि पुरे म्हणायला कोणी तयार नाही.

मी माझ्या कपातला चमचा काढला, पुसला, बशीत ठेवला.

"ओता काकू," म्हटलं.