चांगुणाबाई कळफलक निवडतात

पनवेलच्या मासळी बाजारातील चांगुणाबाई कोणतीही वस्तू दाबून पाहिल्याशिवाय विकत घेत नाहीत. पापलेट दाबून पाहणे हा त्यांचा व्यवसायच आहे. त्याबद्दल माझी तक्रार नाही. परंतु त्या साबण दाबतात, चपलेचा तळ दाबतात, नवी उशी तर मांडीवर घेऊन वैद्याप्रमाणे तपासतात. मुलीच्या लग्नाच्या बोलणीत त्यांनी भावी जावयाचा दंड दाबून पाहिला, त्याला मी साक्षीदार आहे. “दाबल्यावर वर आला पायजे. खड्डा ऱ्हायला तर माल शिळा,” हा त्यांचा सिद्धांत. जावई वर आले, म्हणून लग्न ठरले.

मी तहसील कचेरीबाहेर बसून लोकांचे अर्ज लिहितो. माझे शिक्षण नववीपर्यंतच झाले; परंतु माझ्या अर्जातील शब्द बदलण्याचे धाडस आजवर कोणत्याही कारकुनास झालेले नाही, एवढे नम्रपणे नमूद करतो. कचेरी जेवायला उठली की मी बाजारात चांगुणाबाईंकडे जातो. त्या मला बसायला उलटा क्रेट देतात आणि माझ्या प्रकृतीची निंदा करतात, असा आमचा वीस वर्षांचा परिपाठ आहे.

त्यांची एकुलती एक मुलगी मंदा. तिला जन्मापासून ऐकू येत नाही. बाईंचा आवाज असा, की त्यांनी बाजारात “सुरमय!” म्हटले की एस.टी. स्टँडवरचे प्रवासी वळून पाहतात. आणि घरात मात्र तो आवाज कामाचा नाही. मायलेकींचे भांडण हातवाऱ्यांनी चाले, आणि ते पाहायला शेजारणी पाट घेऊन येत. मंदा लग्न होऊन कोल्हापूरला गेली, तसे ते भांडण थांबले. मोबाईलवर चेहरा पाहून बोलण्याची सोय होती. परंतु त्या वर्षी आमच्याकडचे नेटवर्क असे, की चित्र तोंड उघडून जे थांबे, ते पाच मिनिटांनी तोंड मिटे. राहिले लेखी संदेश. बाई चौथी शिकलेल्या, अक्षर बरे. पण जन्मभर बर्फात घातलेल्या बोटांची पेरे सुजून ताठ झालेली. काचेवर एक अक्षर दाबावे, तर शेजारची दोन न बोलावता हजर.

म्हणून संदेश मी लिहू लागलो. बाई सांगत, “इचार तिला, मेले, जेवलीस काय?” मी लिहीत असे, “चि. सौ. मंदा हीस अनेक आशीर्वाद. विनंती विशेष, आपले भोजन झाले किंवा कसे, याबाबत सत्वर कळवावे.” असा मसुदा तालुक्यात दुसऱ्या कोणी करून दाखवावा. तीन महिने असे चालल्यावर मंदाचे एक उत्तर आले: “काका, तुम्ही छान लिहिता. पण आई कुठे आहे? ती बरी आहे ना?”

बाईंनी ते दोनदा वाचले आणि हातातला कोयता खाली ठेवला.

“अर्जवाले भाऊ, पोरीला वाटतंय मी मेली.”

“तसा अर्थ निघत नाही, बाई.”

“निघतो. तुमचा हात लय चांगला हाय, पन तो माजा नाय. मना बटनांचा पाट पायजे. मोबाईलला लावायचा.”

अर्धा दिवस मी रुसलो. मग विचार केला, अशा तांत्रिक खरेदीत बाईंना एकटे सोडणे बरे नव्हे. आणि दुसऱ्या दिवशी त्यांच्यासह मोबाईलच्या दुकानात उपस्थित झालो. दुकानदार तरुण होता, सोशिक होता. पहिल्यांदा त्याने मी पसंत केलेला बिनतारी कळफलक काढला. पातळ, काळा, कोणत्याही साहेबाच्या टेबलावर शोभेल असा.

बाईंनी त्यावर अंगठा दाबला. “हा लेपा हाय. चपटा. ह्याला पोटच नाय, दाबू काय?”

दुसरा रबराचा, गुंडाळून खिशात मावणारा. बाईंनी तो शेपटीला धरून उचलला. तो दोन्ही बाजूंनी लोंबला. “बोंबील.”

तिसरा घडीचा. त्याची घडी मिटताना बाईंचे बोट किंचित सापडले. “खेकडा! चावतो!” चौथ्याच्या कळा इवल्याशा, तो जवळा ठरला.

“मावशी,” दुकानदार कळवळून म्हणाला, “तुम्हाला कीबोर्ड पाहिजे की कालवण?”

“तुजं लगीन झालंय?”

“नाही.”

“मग बायकू पन फोटू बघून घेशील. तो वर धूळ खात पडलाय, तो काढ.”

तो जुन्या संगणकाचा कळफलक होता. पिवळट, जाडजूड, पाटाएवढा, मागे लांब वायर. अशी वस्तू घेऊन माझ्याबरोबर रस्त्याने कोणी चालावे, हे मला रुचले नाही. बाईंनी एक कळ दाबली. ती खोल गेली, टक् असा आवाज झाला आणि ती टणकन वर आली. पुन्हा दाबली. पुन्हा आली. कळांमध्ये अंतर असे, की ताठ बोट शेजारणीला धक्का न लावता उतरे. आणि वजन असे, की पाट जागचा हलत नव्हता.

“ही घोळ मासळी,” बाई म्हणाल्या. “ताजी.”

दुकानदाराने छोटी जोडवायर लावून तो मोबाईलला जोडला, मोबाईलमध्ये मराठीची सोय घातली आणि कळांवर मराठी अक्षरे चिकटवली. माझा साहेबी कळफलक काचेच्या कपाटात परत गेला.

त्याच दुपारी बाईंनी पाटावर प्लॅस्टिकची पिशवी ओढली आणि तो बर्फाच्या खोक्यावर मांडला. एका बोटाने, एकेक अक्षर. टक्. टक्. मी दोनदा मदत देऊ केली. दोनदा माझ्या मनगटावर फटका बसला. बराच वेळ गेल्यावर काचेवर उमटले: “मेले जेवलीस काय”.

“आता हे वरडून सांगायचंय. वरडायचं बटन कुठं हाय?”

मी उद्गारचिन्हाचे महत्त्व समजावले. त्यास दोन कळा एकदम लागतात आणि बाईंचा डावा हात तेवढा वळत नव्हता. म्हणून एक कळ मी धरली, दुसरी त्यांनी. त्यांचे ताठ बोट लवकर उचलले गेले नाही आणि चिन्हांची रांग लागली. एक पुरे असते, असे मी निदर्शनास आणले.

“ऱ्हाऊ द्या. कोल्हापूर लांब हाय.”

संदेश गेला. बाई मासा साफ करू लागल्या, पण खवले त्याच्या एकाच बाजूचे निघत होते. मोबाईल वाजला.

“आई, ओरडू नकोस. जेवले. भात आणि सुकट.”

बाईंना वाचता येते. तरीही त्यांनी हात लुगड्याला पुसून मोबाईल माझ्याकडे सरकवला.

“वाचा.”

मी वाचले.

“पैलं वाक्य परत वाचा.”

“आई, ओरडू नकोस.”

समोर एक गिऱ्हाईक पापलेट हातात धरून भाव विचारत होते. त्याने तीनदा विचारला. चौथ्यांदा मीच त्यास थांबण्याची विनंती केली आणि ते वाक्य पुन्हा एकदा वाचले.