चपला घालून निबंध तपासणारे मास्तर

शिवलिंगप्पा मास्तर निबंध तपासायला बसत नसत. ते चपला घालून बाहेर पडत.

निजामाच्या राज्यात बेंबळीच्या आमच्या शाळेत मास्तर एकच, आणि मुली आम्ही तिघी. मास्तर निबंध वाचत आणि कोपऱ्यात शिसपेन्सिलीनं लिहीत, ‘जाऊन पाहावे.’ मग संध्याकाळी वही काखेत धरून त्या मुलाच्या घरी हजर. विहिरीवर निबंध असेल तर विहिरीवर, बैलावर असेल तर गोठ्यात. बघून झालं की खाली लिहीत, ‘पाहिले,’ आणि काय लिहायचं राहिलं तेही.

‘आमची म्हैस हा शांत व उपयुक्त प्राणी आहे,’ असं मी लिहिलं होतं. मास्तर म्हशीच्या मागं जाऊन उभे राहिले. व्हायचं ते झालं.

“मास्तर, लई लागलं का?” वडिलांनी विचारलं.

“मांडीला लागलंय. पोरीनं खरं लिहिलं असतं तर लांब उभा राहिलो असतो.”

माझ्या वहीत शेरा आला: ‘पाहिले. शांत नाही. लाथ लिहायची राहिली.’

तेव्हापासून मी कुठल्याही जनावराला विचार न करता शांत म्हटलेलं नाही. माणसालाही नाही.

गावाला मात्र या तपासणीची धास्ती होती. ‘आमचे घर स्वच्छ व टापटीप आहे’ असं पोरानं लिहिलं की त्याची आई दुपारपासून अंगण सारवायला घ्यायची. एकानं हत्तीवर निबंध लिहिला.

“हत्ती कुठं बघितलास?”

“पुस्तकात.”

“मग पुस्तकावर लिही. किती फाटलंय ते लिही.”

दुसऱ्यानं लिहिलं, ‘आमचे तहसीलदार फार न्यायी आहेत.’ मास्तरांनी ‘जाऊन पाहावे’ लिहिलं, थोडा वेळ विचार केला आणि खोडलं. “हे असू दे,” म्हणाले.

मास्तरांची बायको वारलेली होती. एकुलती लेक गंगू, तिला आळंदकडं दिलेली. तिला अक्षर त्यांनीच शिकवलं होतं. सासरी गेल्यावर पहिलं वर्षभर तिची पत्रं यायची, ती मास्तर वर्गात वाचून दाखवत. सासूचा एक दात हलतो, चूल धुरकट आहे, मागच्या दारी शेवग्याचं झाड आहे, सगळं त्यात असायचं. “बघा, असं लिहावं,” म्हणत. पुढं त्यांनी वाचून दाखवणं थांबवलं. आम्हाला वाटलं, पत्रं येत नसतील.

एके दिवशी माझ्या तपासलेल्या वहीत एक पोस्टकार्ड निघालं. चुकून राहिलेलं. दुसऱ्याचं पत्र वाचू नये हे मला माहीत होतं. मी वाचलं. अक्षर गंगूचं होतं. ‘मी सुखरूप आहे. मंडळी फार चांगली आहेत. काळजी नसावी. येण्याची तसदी घेऊ नये.’ एवढंच.

कडेनं मास्तरांची शिसपेन्सिल: ‘मंडळी म्हणजे कोण कोण? चांगली म्हणजे काय करतात? सकाळी काय खाल्लंस? शेवग्याला शेंगा आल्या का?’ समास भरला होता. कोपरा तेवढा कोरा होता.

मी आईला विचारलं, “मास्तर गंगूकडं का जात न्हाईत?”

“बोलावल्याबिगर बाप लेकीच्या सासरी जात नसतो,” आई म्हणाली. “लोक नावं ठेवतात. तू भाकरी खा.”

मी भाकरी खाल्ली. मग पेन्सिल घेतली आणि कार्डाच्या कोऱ्या कोपऱ्यात लिहिलं, ‘जाऊन पाहावे.’ मी दहा वर्षांची होते. मास्तरांना सुचवावं असलं धाडस त्यात नव्हतं. निबंध वाईट होता आणि वाईट निबंधाला तोच शेरा असतो.

दुसऱ्या दिवशी वही जमा केली. कार्ड आत होतं.

त्याच्या दुसऱ्या दिवशी शाळेला कुलूप. सहा दिवस होतं. सातव्या दिवशी मास्तर आले, डोक्यावर पत्र्याची पेटी. मागं गंगू. गालफडं बसलेली, हात पदराखाली. आई भाजी घेऊन त्यांच्याकडं गेली आणि बराच वेळ आली नाही. आल्यावर वडिलांना हळू म्हणाली, “सासरा समोर बसून पत्र लिहून घ्यायचा म्हणं. पोरीच्या हातावर चटके हायत.”

गावानं नावं ठेवलीच. चार दिवस ठेवली, मग सुगी आली.

मास्तरांनी शाळा पुन्हा उघडली. उत्तरपत्रिका वाटाव्यात तशा वह्या वाटल्या. माझ्या वहीत तेच कार्ड होतं. माझ्या शेऱ्याखाली त्यांनी लिहिलं होतं:

‘पाहिले. शेरा बरोबर. उशीर माझा.’