घराची प्रत्यक्ष हजेरी

जप्तीतलं घर पहिल्यांदाच घेणाऱ्याला दुरुस्तीची सरकारी मदत हवी असेल, तर घरानं स्वतः कार्यालयात हजर राहावं लागतं, म्हणून मंगळवारी सकाळी इंदुमती घोडके आपलं घर घेऊन निघाली.

घर तसं अजून तिचं नव्हतं. आधीच्या मालकाला हप्ते झेपले नाहीत, बँकेनं दाराला सील ठोकलं, आणि चार वर्षं ते परीट गल्लीच्या टोकाला बंद उभं होतं. तेवढ्या काळात त्याची मागची भिंत खचली आणि न्हाणीवरचे पत्रे उडाले. इंदुमती अंगणवाडीत मदतनीस होती. एकोणीस वर्षांत तिनं नऊ भाड्याच्या खोल्या बदलल्या होत्या, आणि नऊही मालकांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं की भिंतीला खिळा मारायचा नाही. तिचं कॅलेंडर कायम ट्रंकेला टेकून उभं असायचं. एक खिळा मात्र ती पर्समध्ये बाळगून होती. मदतीची मुदत त्या दिवशी पाचला संपत होती. त्यानंतर घर पुन्हा लिलावात जाणार होतं आणि तिथं एक गोदामवाला टपूनच बसला होता.

निघताना तिनं उंबऱ्याला हळद-कुंकू लावलं. माणूस महत्त्वाच्या कामाला निघालं की लावतात, मग घराला का नको, एवढाच तिचा विचार होता. मागच्या भिंतीमुळे घर जरा लंगडत होतं, म्हणून चढावर तीही हळू चालली. चौकात हवालदारानं त्याला कडेनं जायला सांगितलं. गटारात कोपरा जाईल म्हणून बिचारं अंग चोरून गेलं.

कार्यालयाच्या आवारात आधीच सहा घरं रांगेत होती. तिसऱ्या मजल्यावरचा एक फ्लॅट आपल्या उंचीवरच थांबला होता आणि त्याचा अर्ज घ्यायला शिपायाला शिडी लावावी लागत होती. घरांसाठी सावलीची सोय नव्हती. दहा वाजल्यापासून सगळी घरं उन्हात उभी होती आणि त्याचं कुणाला काही वाटत नव्हतं.

कारकून मोघे यांनी दुपारी दीड वाजता तिचा अर्ज घेतला, जेवणाची सुट्टी झाल्यावर उघडला, मग खिडकीतून वाकून घराकडे पाहिलं.

“उंबऱ्याला हळद-कुंकू कुणी लावलं?”

“मी.”

“म्हणजे गृहप्रवेश झाला.” मोघ्यांनी पेनाला टोपण लावलं. “गृहप्रवेश झाला म्हणजे तुमच्याकडे घर आहे. ज्यांच्याकडे घर आहे, ते पहिल्यांदा घेणारे कसे?”

इंदुमतीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तरी ती आवाज न चढवता म्हणाली, “साहेब, गृहप्रवेशाला माणूस आत जातं. मी आत पाऊल टाकलेलं नाही, दाराला बँकेचं सील आहे. घर बाहेर पडत होतं, म्हणून लावलं.”

मोघे आत जाऊन नियम पाहून आले. मुद्दा मान्य होता. तिनं तसं लिहून द्यायचं होतं, आणि घरानं खाली उंबऱ्याचा ठसा द्यायचा होता. दोन्ही झालं. मग मोघ्यांनी दुसरा कागद पुढे सरकवला. त्याच सकाळी इंजिनिअर पाहणीसाठी परीट गल्लीत जाऊन आला होता आणि त्यानं शेरा मारला होता: जागेवर घर आढळले नाही. जे घर नाही, त्याची दुरुस्ती मंजूर करता येत नव्हती.

“ते इथं आहे,” इंदुमती म्हणाली. “तुम्हीच बोलावलंत.”

“इथं हजेरी होते, ताई. पाहणी जागेवर होते. दोन्हींचा वार मंगळवार.”

चार वर्षं त्या घराकडे कुणी ढुंकून पाहिलं नव्हतं. ते लंगडत, अंग चोरत, सांगितल्या वेळेला आलं, आणि नेमकं त्याच दिवशी ते नाही असं ठरलं. संतापानं इंदुमतीच्या डोळ्यांत पाणी आलं. ते मोघ्यांना दिसू नये म्हणून ती बाहेर गेली.

साडेचार वाजले होते. तिनं घराला सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. घरानं ऐकून घेतलं. मग झेंड्याचा खांब आणि सायकल स्टँड यांच्यामधल्या जागेत ते खाली बसलं. बसण्याच्या धक्क्यानं थोडा गिलावा पडला, दाराचं सील तुटलं आणि दार उघडलं. वॉचमननं येऊन सांगितलं की घरांना इथं बसायची परवानगी नाही. त्यानं ढकलूनही पाहिलं. घर उठलं नाही. रांगेतल्या दुसऱ्या घरांनी हे पाहिलं, आणि त्यांतलं सगळ्यांत म्हातारं घरही हळूहळू टेकलं.

इंदुमती आत जाऊन बसली. गृहप्रवेशाचा मुद्दा कागदावर आधीच मिटला होता.

आता प्रश्न नियमाचा होता. घर जिथं बसलेलं असतं तीच त्याची जागा, असं मोघ्यांच्याच पुस्तकात लिहिलं होतं. इंजिनिअर स्कूटरला किक मारत होता, त्याला परत बोलावलं. त्यानं चाळीस पावलं चालून पाहणी केली आणि लिहिलं की घर जागेवर आढळले, मागची भिंत खचलेली आहे. राहिली फक्त अर्जदाराची सही. ती जागेवर जाऊनच घ्यावी लागते, आणि न घेतल्यास संबंधित कारकुनाला खुलासा द्यावा लागतो.

पाचला सात मिनिटं असताना मोघे कागद घेऊन उंबऱ्याशी आले आणि तिनं बाहेर यावं म्हणाले.

“तुम्हीच आत या, साहेब,” ती म्हणाली. “प्रत्यक्ष हजर राहावं लागतं. आणि चपला बाहेर.”

मोघ्यांनी घड्याळ पाहिलं, चपला काढल्या आणि कुंकवावर पाय न देता आत आले. तिनं कागद सावकाश, पहिल्या ओळीपासून वाचला. मग सही केली. मोघ्यांनी शिक्का मारला. पाचला एक मिनिट कमी होतं.

तिनं पर्समधून खिळा काढला आणि समोरच्या भिंतीवर हात ठेवून विचारलं, “मारू का?”

भिंतीनं हूं की चूं केलं नाही.

“साहेब,” इंदुमती म्हणाली, “एक चांगला दगड बघा.”

मोघे अनवाणीच दगड शोधायला गेले.